आधी वाजू द्या

चाचा चहासुद्धा सरळ मागायचे नाहीत. हॉटेलच्या बाकावर बसले की आधी दोन बोटांनी टेबलावर ठेका धरायचे, तो मनासारखा जमला की मान वर करायचे आणि मग म्हणायचे, "दोन कट." फोन आला तर बटण दाबून आधी शीळ, मग 'हॅलो'. घरात शिरताना स्वतःच्याच दाराची कडी वाजवायचे आणि मग आत पाऊल टाकायचे. कुणी विचारलं की हा काय प्रकार आहे, तर उत्तर ठरलेलं होतं, "आधी वाजू द्या, मंग बोलू."

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखंच म्हणाला असता, की म्हातारा भारी हौशी आहे. हौशी ते होतेच. उन्हाळ्यातही सफारी घालायचे, डोळ्यांत सुरमा, केस मेंदीनं तांबडे आणि अत्तर इतकं, की ते येऊन गेल्याचं आमच्या ऑफिसात संध्याकाळपर्यंत कळत असे. यवतमाळकडच्या आमच्या दारव्ह्यात त्यांना भोंगेवाले चाचा म्हणत. खरं नाव असणारच, पण ते विचारायची गरज कधी कुणाला पडली नाही.

त्यांचा एक जुना ऑटो होता. टपावर दोन भोंगे, आत बॅटरी आणि अॅम्प्लिफायर. एका हातानं ऑटो आणि दुसऱ्या हातात माइक असे ते गावभर फिरत. नळ उद्या येणार नाही, बाजार समितीत कापसाची खरेदी बंद आहे, चपलांचा सेल लागला आहे, कुणाची शेळी हरवली आहे, हे सगळं गावाला चाचा सांगत. या कामाला ते 'अलाउन्स' म्हणत. प्रत्येक अलाउन्सची धून वेगळी होती आणि ती गावाला पाठ होती. नळाची बासरी लागली की शब्द ऐकायच्या आधीच बायका हंडे बाहेर काढायच्या. सेलची ढोलकी वाजली की कर्ती माणसं काळजीत पडायची.

आवाज मात्र खरोखर मोठा होता. घशातून नाही, पोटातून येणारा, थोडा खरखरीत, आणि शेवटचा शब्द हवेत जरा वेळ सोडून देणारा. त्यांना स्वतःलाही तो इतका आवडायचा की बोलून झाल्यावर ते क्षणभर स्वतःचंच ऐकत बसत.

मी तेव्हा कास्तकारांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत होते. बोंडअळीनं कपाशी पोखरून टाकलेलं वर्ष नुकतंच सरलं होतं, आणि त्याच मोसमात फवारणी करता करता माणसं दवाखान्यात भरती झाली होती. त्यातली काही परत आलीच नाहीत. आम्ही सूचनांचे कागद छापून गावोगाव वाटत होतो आणि लोक त्यात मिरच्या बांधून नेत होते. तेव्हा मी ठरवलं, की दर आठवड्याला एक छोटा पॉडकास्ट करायचा आणि मोबाइलच्या ग्रुपवर सोडायचा. वारा कुठून आहे ते पाहून फवारा, तोंडाला बांधा, हंगाम संपला की कपाशी उपटून टाका, उभी ठेवू नका, असं सगळं त्यात सांगायचं. कागद वाचायला डोळे लागतात, ऐकायला वखर थांबवावा लागत नाही, असं माझं म्हणणं होतं आणि ते मी ज्याला त्याला ऐकवत होते.

आवाज कुणाचा हा प्रश्न होता. माझं बोलणं शहरी. आमचा राठोड जवळच्या तांड्यावरचा, गावोगाव फिरून काम करणारा, रेकॉर्डिंगही तोच करायचा. पण माइक समोर आला की तो शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाचायचा. असे आम्ही हताश होऊन बसलो असताना खिडकीखालून चाचांचा ऑटो गेला. सोयाबीनच्या चाळण्या दुरुस्त करून मिळतील, एवढंच ते सांगत होते, पण ते असं सांगत होते की मलासुद्धा एक चाळणी असती तर बरं झालं असतं असं वाटलं. राठोड म्हणाला, "मॅडम, आवाज तर हा हाय."

चाचा लगेच तयार झाले. फक्त एकच विचारलं, "म्युझिक कोणतं?"

मी सांगितलं, म्युझिक नाही. पॉडकास्टमध्ये सरळ मुद्द्याला यायचं. लोकांना वेळ नसतो. चाचांनी परत विचारलं, "बिना वाजवता बोलू?" मी हो म्हटलं. त्यांनी राठोडकडे पाहिलं. राठोडनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नव्या ज्ञानावर ठाम होते. चाचांनी मग टोपी सरळ केली, घसा साफ केला आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली, "समस्त कास्तकार बंधू-भगिनींना कळविण्यात येते की..."

रेकॉर्डिंग सुरेख झालं. रविवारी सकाळी आम्ही ते ग्रुपवर सोडलं आणि कौतुकाच्या फोनची वाट पाहत बसलो.

फोन आले. पहिल्यानं विचारलं, "मॅडम, कोण गेलं?" दुसऱ्यानं विचारलं, "कोनाच्या घरचं झालं? माती कितीले हाय?" तिसरी एक बाई बोलतच नव्हती, नुसती रडत होती, कारण तिचा भाऊ दारव्ह्यात होता. बोरीकडच्या एका आजोबांनी तर पहिलं वाक्य ऐकून मोबाइल खिशात टाकला, धुतलेला सदरा घातला, काळीपिवळी जीपमध्ये बसून दारव्हा गाठलं आणि स्टँडवर उतरून अंत्ययात्रा कुठून निघणार याची चौकशी सुरू केली. तिथं ते राठोडला सापडले. राठोडनं त्यांना चहा पाजला, कुणी गेलं नाही हे पटवून दिलं आणि परतीच्या जीपमध्ये बसवलं. ते जरा नाराजच होते, असं तो म्हणाला. बोंडअळीबद्दल आम्ही काय सांगितलं, ते मात्र एकानंही ऐकलं नव्हतं.

मग राठोडनं मला समजावलं. चाचांच्या सगळ्या अलाउन्सना धून असते. एकाच अलाउन्सला नसते, ती मयताची. ऑटो आला, भोंग्यातून काही वाजलं नाही आणि एकदम चाचांचा आवाज आला, की गावानं समजून घ्यायचं. "हे तर आमच्या तांड्यावरच्या लेकरायलेही माहीत हाय," तो म्हणाला. मी त्याला विचारलं की मग आधी का नाही सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही ऐकून कुठं राह्यल्या होत्या.

दुपारी चाचा आले. मला वाटलं चिडले असतील, पण ते बसले आणि टेबल वाजवायलाही विसरले. मग हळूहळू बोलले. फवारणीच्या त्या मोसमात त्यांच्या भोंग्याला बासरी-ढोलकी कमीच मिळाली होती. गल्लीत ऑटो वळला की बायका पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहायच्या. एका घरातल्या म्हातारीनं तर हात जोडून सांगितलं होतं, की बाबा, माझ्या दारावरून जाऊ नको. हे सगळं त्यांनी सोसलं, काम आहे म्हणून. पण एक गोष्ट त्यांना सोसली नव्हती.

"मायी पोरगी दिग्रसले रायते," ते म्हणाले. "तिले फोन लावला. म्या म्हनलं, हॅलो. तं पोरगी मले म्हनते, अब्बा, कौन गुजर गया?"

तेव्हापासून ते शीळ घालत होते. कडी वाजवत होते. दारव्ह्यातल्या हॉटेलात टेबल बडवत होते. मला हे ऐकून फार वाईट वाटलं आणि मी काहीतरी धीराचं बोलू लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना धीर नको होता, धून हवी होती.

"मले काही नको बेटा," ते म्हणाले. "माया आवाज ऐकून एक डाव कोणाले बरं वाटलं पायजे. बस. त्याच्यासाठी मले म्युझिक दे."

त्या दिवसापासून आम्ही तिघांनी धुनेचा जो शोध सुरू केला, त्यात बोंडअळी काही आठवडे अगदी मागे पडली. मी इंटरनेटवरून फुकटच्या धुना उतरवल्या. एका हळुवार पियानोवर मी खूश होते. चाचांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, हे यवतमाळच्या दवाखान्यातल्या लिफ्टमधी वाजते, हे लावलं तं लोकं पेशंटचं नाव विचारतीन. गिटार लावली तर राठोड म्हणाला, बियाणं विकणाऱ्या जीपवर असंच असते, लोक आधी शिव्या देतील आणि मग बंद करतील. एक धून मात्र तिघांनाही आवडली. ठेका छान होता, ऐकून पाय हलायचे. आम्ही ती मोठ्यानं लावली, तर खालच्या मजल्यावरच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरल्या. घंटागाडीची धून जवळपास तशीच होती.

राठोडचं मन तांड्यावरच्या डफात अडकलं होतं. त्यानं एका दुपारी म्हाताऱ्यांना बसवून डफ रेकॉर्ड करून आणला आणि तो ऐकताना अंगावर काटा आला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं निरोप पाठवला, की हे होळीचं वाजवणं आहे, भर पावसाळ्यात कायले लावता? राठोड हिरमुसला. चाचांना मनातून बरं वाटलं, कारण त्यांना सनई हवी होती. ते त्यांच्या बँडवाल्या दोस्ताकडून सनई घेऊन आले. ती ऐकून आम्हाला कुणाच्या तरी लग्नाला जायचं राहून गेल्यासारखं वाटायला लागलं. राठोड म्हणाला, याच्या मांगून लोकं जेवाची वेळ विचारतीन. यावरून दोघांचं वाजलं. चाचा म्हणाले, तुले संगीतातलं काय समजते? राठोड म्हणाला, तुमच्यापेक्षा जास्तच समजते. असं ते मग रोजच होऊ लागलं, आणि खरं सांगायचं तर मला त्या भांडणात फार मजा येत होती. ऑफिसात इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

शेवटी एके दिवशी चाचांनी जाहीर केलं, की दुसऱ्याचं उसनं कशाला, आपणच वाजवतो. त्यांच्याकडे बटणं दाबून तारा छेडायचा बुलबुल तरंग होता. तरुणपणी ते कव्वालीच्या पार्टीत तो वाजवायचे आणि पांढरकवड्याच्या उरसात त्यांच्यासाठी लोकांनी पहाटेपर्यंत जागा सोडली नव्हती, असं त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे चाचींचं, म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते पार्टीत यांच्याकडे सतरंज्या उचलायचं काम होतं आणि वाजवणारा कधी पान खायला गेला, तर हे तेवढ्यापुरते त्याच्या बुलबुल तरंगावर हात फिरवून घेत.

रेकॉर्डिंग चाचांच्या घरी ठरलं, कारण आमच्या ऑफिसखाली ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. घर लहान, दोन खोल्यांचं. खिडकीला आणि दाराला रजया टांगल्या. चाची आतल्या खोलीत, रजईच्या पलीकडे, उशांत कापूस भरत बसल्या होत्या. त्यांना सांगितलं होतं की अजिबात आवाज करायचा नाही. त्या म्हणाल्या, मैं कायको आवाज करूँ, आवाज तो तुम्हारे चाचा का है.

चाचांनी कपाटावरचा बुलबुल तरंग उतरवला, त्यावरची धूळ रुमालानं पुसली, तारा पिळल्या आणि असा चेहरा केला की मी श्वास रोखला. सुरुवात खरंच गोड झाली. साधीच धून होती, त्यांनी स्वतः रचलेली, पाळण्यासारखी खाली-वर जाणारी. राठोडनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. आणि अगदी शेवटी, जिथं धून खाली येऊन थांबायची, तिथं एक बटण अडकलं. त्यातून असा काही सूर निघाला की म्हैस दचकून उठावी. चाचा तसेच गंभीर. त्यांनी तो सूर चुकीचा नाहीच असं ठरवून त्याला आणखी लांबवलं.

रजईच्या पलीकडून आधी नाकातून एक आवाज आला. मग दाबलेला. मग चाची हसल्या. असं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते थांबायचं, पुन्हा स्वतःलाच आठवून सुरू व्हायचं, मध्येच 'या अल्ला' म्हणायचं आणि पुन्हा फुटायचं. चाचांनी रागानं रजईकडे पाहिलं. मी रेकॉर्डिंग बंद करायला पुढे झाले, तर कानाला हेडफोन लावलेल्या राठोडनं माझा हात धरला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "याच्या मांगून कोणी मेलं असं कोणाले वाटूच शकत नाई."

आम्ही ते परत लावून ऐकलं. साधी धून, मग तो भयंकर सूर, आणि मग हसणारी बाई. चाचांनी ते ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा राग गेला. ते रजईकडे पाहत राहिले. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी ते हसू बहुधा असं बसून कधी ऐकलं नसावं.

चाचींनी मात्र साफ नाही म्हटलं. बाईमाणसाचं हसू गावोगावच्या परक्या माणसांच्या मोबाइलमध्ये जाणार, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "मेरे दाँत पूरे तालुके को दिखाते क्या?" त्या म्हणाल्या. मला वाटलं आता चाचा भाषण ठोकतील. पण ते एवढंच म्हणाले, राहू दे, बराबर बोलून राह्यली ते. आम्ही रजया उतरवू लागलो. राठोडनं वायर गुंडाळली. चाची उशीचं तोंड शिवत होत्या. मग त्यांनी सुई थांबवली आणि नवऱ्याला विचारलं, की हे लावलं तर आपली पोरगी फोनवर ते विचारणार नाही का. चाचा म्हणाले, मले का माहीत. चाचींनी धागा दातानं तोडला.

"बजाओ," त्या म्हणाल्या. "लेकिन मेरा नाम नहीं लेने का. और वो बाजा वापस ऊपर रखने का. फिर कभी नीचे नहीं लाने का."

दोन्ही अटी मान्य झाल्या. चाचांनी दुसरी अट जरा जड मनानं मान्य केली.

ग्रुपवर सोडण्याआधी चाचांना खात्री करून घ्यायची होती. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांनी ऑटो काढला. मला आणि राठोडला कांद्याच्या ढिगांपाशी उभं केलं आणि काम नेमून दिलं. मी धून लावतो, मग फक्त नमस्कार करतो, तुम्ही लोकांची तोंडं पाहा, असं ते म्हणाले. ते स्वतः पाहणार नव्हते. कुणी पदर तोंडाला लावला का, एवढं त्यांना नंतर सांगायचं. हे सांगताना त्यांचा तो मोठा आवाज इतका बारीक झाला, की राठोडनं त्यांना पाणी दिलं.

ऑटो बाजारात शिरला. भोंग्यातून बुलबुल तरंग वाजू लागला. लोकांनी मान वर केली, ही कशाची धून ते कुणाला कळेना. मग तो सूर आला. एका बैलाजवळचा माणूस म्हणाला, मशीन खराब झाली वाटते. आणि मग भोंग्यातून, भर बाजारात, चाची हसल्या. वांग्याच्या ढिगामागची बाई आधी हसली. तिला पाहून शेजारची. मिरची मोजणारा मोजता मोजता थांबला आणि हसत सुटला, त्याचं गिऱ्हाईकही हसायला लागलं. आणि ते सगळे हसत असतानाच चाचांचा आवाज आला, "नमस्कार. मी बोलून राह्यलो."

कुणीही पदर तोंडाला लावला नाही. वांगेवाली बाई तराजू खाली ठेवून म्हणाली, "आता काय म्हनते बाप्पा हा?" आणि चांगली कान देऊन ऐकू लागली. चाचांनी पुढे बोलायचं ठरवलंच नव्हतं, त्यामुळे ते पुढे बोलले नाहीत. ऑटो तसाच कोपऱ्यावरून वळवून त्यांनी उभा केला आणि आम्ही पळत पळत तिथं पोचलो. राठोडनं सांगितलं की सगळे हसले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मीही तेच सांगितलं. त्यांनी सुरमा लावलेले डोळे रुमालानं पुसले आणि त्यांचा सगळा चेहरा काळा झाला. त्यांना तसं घेऊन आम्ही गावभर फिरलो आणि कुणीच त्यांना सांगितलं नाही.

पॉडकास्ट चालला. फार चालला. धुनेमागून चाचा सांगायचे की वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नका, आणि लोक ते ऐकायचे, कारण तोवर ते हसलेले असायचे. शेवटी चाचा स्वतःच्या पदरची एखादी थाप मारायचे. कधी त्यांच्या ऑटोला बैल जुंपल्याची, कधी बोंडअळीनं त्यांच्याशी भांडण काढल्याची. ऐकणाऱ्यांसाठी आम्ही चाचांचाच नंबर दिला होता. तांड्यावरच्या एका म्हातारीनं फोन करून सांगितलं, की ते बोंडअळीचं तेवढं राहू दे, हसणारी बाई परत लाव. गल्लीतल्या बायकांनी चाचींना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. चाची ठार नाकारायच्या. ते हसू नागपूरहून विकत आणलं, असं त्या सांगायच्या.

एक अडचण मात्र झाली. गावातले एक निवृत्त मास्तर वारले. चाचांनी रिवाजाप्रमाणे काही न वाजवता अलाउन्स केली. तर नुसता त्यांचा आवाज ऐकूनच गल्लीत लोक हसऱ्या चेहऱ्यानं दारात आले. एकानं तर विचारलं, चाचा, आज काय नवीन? मास्तरांच्या सख्ख्या बहिणीच्या ओठांवर क्षणभर हसू आलं आणि ती ओशाळली. चाचांनी ऑटो तिथंच थांबवला, खाली उतरून तिची माफी मागितली आणि त्यानंतर मयताची अलाउन्स त्यांनी कायमची सोडली. ते काम दुसऱ्या एका भोंगेवाल्याकडे गेलं.

हे सांगायला ते ऑफिसात आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. माया धंदा बुडवला तुमी लोकांनी, असं म्हणाले. मग आमच्याकडे पाहून हसायला लागले, आणि हसता हसताच दारातल्या चहावाल्याला म्हणाले, "तीन कट दे." टेबल वाजवलं नाही. राठोडच्या आणि माझ्या ते एकदमच लक्षात आलं.

पुढं बरीच वर्षं कार्यक्रम चालला. कापसाचं काही सुधारलं असं मी म्हणणार नाही. कधी पाऊस गेला, कधी भाव गेला. पण रविवार सकाळ आमची चुकली नाही.

चाचा गेले ते वेचणीच्या दिवसांत, एका शुक्रवारी. दुपारच्या नमाजाहून आले, चटईवर पडले आणि उठले नाहीत. गावात दुसऱ्या भोंगेवाल्यानं सांगितलं. मी त्या दिवशी खूप रडले.

रविवारचा भाग त्यांनी गुरुवारीच बोलून ठेवला होता. तो सोडायचा नाही, असं मी आणि राठोडनं ठरवलं आणि चाचींना तसं सांगायला गेलो. चाची आतल्या खोलीत बायकांत बसल्या होत्या. राठोड अंगणातच थांबला. मी आत जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोले कैसे है उसमें?" मी म्हटलं, नेहमीसारखंच. कोंबडीची गोष्ट सांगितली आहे. त्या म्हणाल्या, "तो जाने दो."

रविवारी सकाळी भाग गेला. दारव्ह्याला सगळं माहीत होतं, पण आसपासच्या गावांना आणि तांड्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. मी चाचींजवळ बसले होते. थोड्या वेळानं चाचांचा फोन वाजू लागला. तो कोनाड्यात ठेवला होता. नणंदेनं चाचींचा हात धरला, की आता नको. चाचींनी हात सोडवून घेतला आणि फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं हसत होता की मला ते शेजारी ऐकू येत होतं. चाचांची कोंबडी ऑटोमागं यवतमाळपर्यंत पळत गेली म्हणतात, तर आमची त्याच्याही पुढं वणीपर्यंत जाते, असं सांगा त्यायले, असं तो म्हणत होता. तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. मग एक बाई. सगळे हसत होते. एकाच्याही आवाजात शंका नव्हती, भीती नव्हती.

चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकेक फोन घेत होत्या, पूर्ण ऐकत होत्या, कुणालाही मध्ये तोडत नव्हत्या. आणि प्रत्येकाला, त्याच्या त्याच्या बोलीत, हळू आवाजात म्हणत होत्या, "हाव भाऊ. सांगतो मी त्यायले."